धाकट्याचे नाव त्याच दिवशी लिहा
(महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र)

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



क्षयमुक्तीची मुदत उलटून गेली. २०१८ च्या मार्चमध्ये दिल्लीत पंतप्रधानांनी जाहीर केले होते, की जगाने २०३० हे साल धरले असले तरी भारत २०२५ मध्येच हे काम उरकेल. काम म्हणजे काय, तर २०१५ च्या मानाने नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आणणे. २०२४ पर्यंत ते २१ टक्क्यांनी खाली आले. जगाच्या सरासरीपेक्षा ही घट बरीच चांगली आहे, आणि तिच्यामागे दुचाकीवरून गावोगाव फिरणाऱ्या पर्यवेक्षकांचे आणि आशाताईंचे श्रम आहेत, ते मी जवळून पाहते. त्यामुळे मुदत चुकली म्हणून कुणाला बोल लावायला मी बसलेली नाही. पण नवा आराखडा कधी ना कधी होणारच. तो होताना जुन्या आराखड्यात जी मंडळी समासात राहिली, त्यांच्या वतीने हे पत्र. त्यांना स्वतःला लिहिता येत नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांना अजून नीट बोलताही येत नाही.

मी साखरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना सर्दी, जुलाब, जंत, न्यूमोनिया यांपैकी काहीतरी असते. क्षय त्यांत थोडा. पण जो असतो, त्यातला फार मोठा भाग टाळता आला असता, आणि तो टाळण्याची गोळी सरकारी कपाटात पडून होती, हे दरवेळी नव्याने टोचते.

देशात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या क्षयरुग्णांमध्ये १४ वर्षांपर्यंतच्या मुलांचा वाटा गेली काही वर्षे सहा टक्क्यांच्या आगेमागे राहिला आहे. जगभरात हा वाटा बारा टक्क्यांच्या घरात असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. आपली मुले जगातल्या मुलांपेक्षा दुप्पट काटक आहेत असे मानायला, आपल्याकडचे कुपोषण पाहता, काहीच आधार नाही. तेव्हा ही मुले आहेत, पण आपल्या वहीत नाहीत. वहीत नसलेल्या मुलांचे काय होते, याचा एक अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता: २०१५ या एका वर्षात जगात १५ वर्षांखालची सुमारे २ लाख ३९ हजार मुले क्षयाने दगावली. त्यांतली ८० टक्के पाच वर्षांखालची होती. आणि दगावलेल्या मुलांपैकी ९६ टक्क्यांना क्षयाचा उपचार मिळालेलाच नव्हता. औषध हरले असे फार थोड्या मुलांच्या बाबतीत घडले. बाकीच्यांपर्यंत ते गेलेच नाही.

हे असे का होते, याचे मूळ आपल्या कार्यक्रमाच्या घडणीत आहे. क्षयाचा सगळा कारभार बेडक्याभोवती उभा राहिला. खोकून बेडका डबीत काढा, तो काचपट्टीवर पसरा, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले की रुग्ण पक्का. मोठ्या माणसासाठी ही पद्धत योग्यच होती, कारण ज्याच्या बेडक्यात जंतू दिसतात तोच इतरांना सर्वाधिक रोग देतो, आणि त्याला आधी गाठणे हे शहाणपणाचेच. आता सूक्ष्मदर्शकाच्या जागी सीबीनॅट आणि ट्रूनॅट आली. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे यंत्र, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यताही मिळाली. पण यंत्र कितीही नवे असले तरी त्याच्या तोंडाशी डबी तीच. दोन वर्षांचे पोर डबीत थुंकत नाही. ते बेडका गिळते. शिवाय त्याच्या छातीत जंतू मुळातच थोडे असतात. त्यामुळे क्षय असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत कोणतीही तपासणी केली तरी जंतू हाताला लागत नाहीत. कागदावर 'निगेटिव्ह' येते, आईला हायसे वाटते, आणि मूल तसेच घरी जाते.

आता मुलाला हा रोग येतो कुठून, ते पाहू. लहान मूल सहसा बाहेरून कुठूनही क्षय उचलून आणत नाही. ज्याच्या मांडीवर ते बसते, ज्याच्या कुशीत झोपते, ज्या खोलीत दिवस काढते, त्या माणसाकडून ते घेते. आजोबा, आई, शेजारची काकू, एकत्र राहणारा मामा. मोठ्या मुलाच्या बाबतीत शाळा, शिकवणी, बस यांचा विचार करावा लागतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत उत्तर बहुधा उंबऱ्याच्या आतच असते. आणि ते उत्तर पुष्कळदा आपल्या निक्षय पोर्टलवर नाव-पत्त्यासह आधीच लिहिलेले असते. आजोबांचा बेडका तपासला, जंतू सापडले, औषध सुरू झाले, पोषणासाठी महिन्याचे १००० रुपये खात्यात येऊ लागले. त्याच घरात नातू आहे. माझे सगळे म्हणणे या एका जागेशी येऊन थांबते, म्हणून इथे जरा रेंगाळते.

औषधे सापडण्याच्या आधीच्या काळातल्या डॉक्टरांनी लागण झालेल्या मुलांचे पुढे काय झाले, याच्या नोंदी बारकाईने ठेवल्या होत्या. त्या पुढच्या पिढीतल्या संशोधकांनी एकत्र मांडल्या. त्यांतून दिसते ते असे: वर्षाच्या आतल्या बाळाला लागण झाली आणि काही केले नाही, तर जवळजवळ निम्म्या बाळांना आजार होतो. दहा ते वीस टक्क्यांना तो मेंदूचा किंवा सर्वांगात पसरणारा क्षय असतो. दुसऱ्या वर्षात धोका थोडा उतरतो. पाच ते दहा या वयात तो अगदी कमी, दोन टक्क्यांच्या आसपास. आणि वयात येताना पुन्हा चढतो. दुसरी गोष्ट अशी, की लहान मुलात लागण आणि आजार यांच्यातले अंतर फार थोडे असते, बहुतेक वेळा वर्षाच्या आत. मोठ्या माणसाच्या अंगात जंतू वीस वर्षे निपचित पडून राहू शकतात. बाळाच्या अंगात त्यांना तेवढी सवड लागत नाही. म्हणून आजोबांचे निदान झाल्यावर सहा महिन्यांनी 'संपर्कातील व्यक्तींची तपासणी' असा रकाना भरला गेला, तर तो रकाना भरेल, नातवाच्या कामाचा मात्र तो राहणार नाही.

उपाय फार साधा आहे. घरात क्षयाचा रुग्ण सापडला की पाच वर्षांखालचे प्रत्येक मूल तपासायचे. ताप नाही, खोकला नाही, वजन नीट वाढते आहे, गळ्याला गाठी नाहीत, असे असेल तर कुठल्याही रक्ताच्या किंवा कातडीच्या तपासणीची वाट न पाहता त्याला आयसोनियाझिडची प्रतिबंधक गोळी सुरू करायची. दिवसातून एकदा, वजनाच्या हिशेबाने, सहा महिने. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे, बारा आठवड्यांत संपणारे औषधही आता आले आहे. २०२१ पासून आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत प्रतिबंधक औषधाची ही सोय घरातल्या मोठ्यांसाठीसुद्धा आहे. आजोबांचा क्षय औषधांना दाद न देणारा असेल तर नातवाला वेगळी गोळी लागते, लिव्होफ्लॉक्सासिनची, आणि तिचीही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये केली. म्हणजे ज्ञान आहे, गोळी आहे, नियमही आहे.

मग अडते कुठे? मी पाहते ते सांगते. पहिली अडचण आईची, आणि ती अगदी रास्त आहे. 'पोर चांगलं खेळतंय, त्याला कशाला सहा महिने गोळ्या?' घरातल्या आजाऱ्याला औषध द्यायला आपण तयार असतो. धडधाकट मुलाच्या तोंडात रोज गोळी कोंबायला कोणत्याही आईचा हात धजत नाही. तिला हे समजावायला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे पंधरा मिनिटांत चार घरे करायची असलेल्या आशाताईकडे नसतात. दुसरी अडचण आम्हा डॉक्टरांची. 'पुढे औषधाला दाद न देणारा जंतू तयार होईल' या भीतीने कित्येक डॉक्टर ही गोळी द्यायला नाखूश असतात. मुलाला आजार नाही याची नीट खात्री केली असेल तर ही भीती निराधार आहे, पण ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिसरी अडचण हिशेबाची. क्षयाचा नवा रुग्ण शोधला तर तालुक्याच्या आढावा बैठकीत कौतुक होते. जो रुग्ण झालाच नाही, त्याबद्दल शाबासकी कुणाला द्यायची?

मुलाचा क्षय टाळला गेला नाही की काय होते, ते मंत्रालयातल्या तक्त्यांत येत नाही, म्हणून लिहिते. मेंदूचा क्षय घेऊन येणारे मूल पहिल्या आठवड्यात कधीच आमच्याकडे पोचत नाही. सुरुवातीला बारीक ताप, किरकिर, खाण्यावरून उडालेले मन. कोणी म्हणते दात येताहेत, कोणी म्हणते दृष्ट लागली. मग उलट्या सुरू होतात, त्या पोटाच्या म्हणून औषध होते. मग मूल झोपाळू होते. खेळायचे सोडून ते नुसते पडून राहते, आणि थकलेल्या घराला ते शांत झाल्यासारखे वाटते. मग एके दिवशी झटका येतो, किंवा एक डोळा तिरळा दिसू लागतो, आणि रात्री जीप करून त्याला आणतात. पाठीतले पाणी काढून तपासायचे, स्टिरॉइड द्यायचे, डोक्यात पाणी साठले असेल तर शंभर किलोमीटरवरच्या मेंदूच्या सर्जनकडे पाठवायचे. औषध बारा महिने. जगभरच्या अभ्यासांची बेरीज सांगते, की उपचार मिळालेल्या मुलांपैकीसुद्धा पाचातले एक जाते आणि वाचलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना कायमचे काहीतरी अधूपण येते. चालता येत नाही, ऐकू येत नाही, बोलणे परत येत नाही. आम्ही घरच्यांना विचारतो, 'घरात कुणाला टीबी आहे का?' उत्तर पुष्कळदा तत्काळ येते: 'हो, आजोबांची ट्रीटमेंट चालू आहे की.'

बीसीजीचे काय, असे आपण विचाराल. बीसीजी जन्मल्या जन्मल्या द्यायलाच हवी. बाळांमधला मेंदूचा आणि सर्वांगातला क्षय ती बऱ्याच प्रमाणात रोखते. पण बऱ्याच म्हणजे सगळ्या नव्हे, आणि मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयाला तिचा उपयोग होत नाही, हे आपल्याच देशात, चेंगलपट्टूच्या मोठ्या चाचणीत, दिसले आहे. दंडावरचा व्रण पाहून निश्चिंत होणारे पालक मी समजू शकते. डॉक्टरांनी तसे होऊ नये.

निदानाकडे वळते. इथे आपल्याकडे दोन टोकांचा गोंधळ आहे, आणि दुसऱ्या टोकाबद्दल कोणी बोलत नाही. एका बाजूला क्षय असलेली मुले निसटतात. दुसऱ्या बाजूला, जे मूल जेवत नाही, ज्याला वारंवार सर्दी होते, ज्याच्या मानेला हरभऱ्याएवढी गाठ लागते, त्याला 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' ठरवून सहा-नऊ महिने एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, देण्याची रीत महाराष्ट्राच्या खासगी दवाखान्यांत खोल रुजलेली आहे. 'टीबी नाही हो, प्रायमरी आहे,' असे सांगितले की पालकांनाही सोयीचे वाटते. शेजाऱ्यांना सांगायला अडचण नाही, निक्षयवर नोंद नाही, घरातला मोठा रुग्ण शोधायची कटकट नाही. क्षयाच्या रक्ततपासण्यांवर, म्हणजे प्रतिद्रव्ये मोजणाऱ्या तपासण्यांवर, केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली. त्याच वर्षी क्षयाची नोंद खासगी डॉक्टरांनाही सक्तीची झाली. तरी हातावरच्या लाल डागाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा आणि त्यावरून मान्टू ही कातडीची तपासणी 'पॉझिटिव्ह' ठरवायची, असे आजही चालते. मान्टूचा लाल रंग मोजत नाहीत. ४८ ते ७२ तासांनी बोटाने चाचपून, त्याखालचा टणकपणा पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. फोटोत टणकपणा येत नाही. आणि मान्टू खरोखर १० मिलिमीटरची आली तरी ती फक्त लागण झाल्याचे सांगते. आजार आहे की नाही हे तिला सांगता येत नाही.

नीट निदानासाठी लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. दोन आठवड्यांहून जास्त ताप किंवा खोकला. तीन महिन्यांत न वाढलेले किंवा घटलेले वजन. गेल्या दोन वर्षांत घरात क्षयाचा रुग्ण. छातीचा फोटो. आणि जंतूंसाठी नमुना. यांतली वजनाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिची यंत्रणा आपल्याकडे तयार आहे. राज्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत काटा आहे आणि ताई दरमहा वजन घेते. ते वजन पोषण ट्रॅकरवर जाते, तिथून मूल लाल रंगात पडले तर आहाराची सोय होते. पण सलग तीन महिने एकाच आकड्यावर थबकलेले मूल, जे अजून लाल झालेले नाही, त्याच्याबद्दल 'घरात कुणाला खोकला आहे का?' एवढा एक प्रश्न विचारायला ताईला कुणी सांगितलेले नाही. त्या प्रश्नाला काही खर्च नाही.

नमुन्याची गोष्ट मात्र खर्चाची आहे. मूल बेडका गिळते, म्हणून पहाटे ते उठण्याच्या आत, उपाशीपोटी, नाकातून नळी घालून जठरातला द्रव काढावा लागतो. त्यासाठी मुलाला रात्री दाखल करावे लागते, आईची दोन दिवसांची मजुरी जाते. नळी घालायला सरावलेली नर्स लागते, आणि द्रव आंबट असल्याने नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी हे सगळे एका पहाटे जुळून येणे म्हणजे योगच. यावरचा उतारा आधीच सापडलेला आहे: मुलाची शी. गिळलेला बेडका शेवटी तिथेच जातो, आणि तो नमुना सीबीनॅटवर तपासता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने काही वर्षांपूर्वी ही पद्धत मान्य केली. नळी नाही, दाखल होणे नाही, आई घरून डबीत आणू शकते. माझ्या तालुक्यात मात्र शीचा नमुना पाठवला की प्रयोगशाळेतून पहिला प्रश्न येतो, हा चुकून इकडे आला का.

एक सावधगिरीचा शब्द. गावोगाव हातातले एक्स-रे यंत्र नेऊन, संगणकानेच फोटो वाचण्याचे प्रयोग सध्या जोरात आहेत, आणि मोठ्यांसाठी ते उत्तम आहेत. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संगणकीय वाचनाची शिफारस केली ती १५ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींसाठी. मुलाच्या छातीत क्षय बहुधा फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये लपलेला असतो, आणि त्या वाचायला अजून सरावलेला डोळा लागतो. शिबिरात मुलाचा फोटो 'नॉर्मल' आला म्हणून नाव खोडू नका, एवढे सूचनापत्रक तरी निघावे.

औषधोपचाराबद्दल तक्रार कमी आहे. २०१७ पासून आठवड्यातून तीनदाऐवजी रोजचे औषध सुरू झाले, आणि मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या, चवीच्या, वजनाप्रमाणे मोजायच्या गोळ्या आल्या. त्याआधी मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून, खलबत्त्यात कुटून, मधात कालवून मुलांच्या घशाखाली उतरवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, म्हणून या बदलाची किंमत मला कळते. मात्र मार्च २०२४ मध्ये देशभर क्षयाच्या औषधांचा तुटवडा झाला आणि केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरते औषध स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले, तेव्हा बाजारात मोठ्यांच्या गोळ्या कशाबशा मिळत होत्या, मुलांच्या विरघळणाऱ्या गोळ्या शोधूनही सापडत नव्हत्या. मुलांच्या औषधाला खासगी बाजारात गिऱ्हाईक नाही, म्हणून दुकानदार ते ठेवत नाही. ते फक्त सरकारच ठेवू शकते. जिल्ह्यात त्याचा वेगळा साठा असायलाच हवा.

आणि एक आनंदाची गोष्ट, जिच्यात पुण्याचा वाटा आहे. ज्या मुलांचा क्षय सौम्य आहे त्यांना सहा महिन्यांऐवजी चार महिने औषध पुरते का, हे पाहणारी 'शाइन' ही चाचणी युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत अशा चार देशांत झाली, आणि भारतातल्या दोन केंद्रांपैकी एक पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय होते, दुसरे चेन्नईत. बाराशेवर मुले तीत होती. चार महिने पुरतात, असे २०२२ मध्ये सिद्ध झाले आणि जागतिक शिफारस त्याच वर्षी बदलली. पुण्यातल्या मुलांनी जे सिद्ध करायला मदत केली, त्याचा लाभ परभणीच्या आणि नंदुरबारच्या मुलाला कधी आणि कोणत्या निकषांवर मिळणार, हे तालुक्यातल्या डॉक्टरला लेखी सांगा.

घरी सांगायच्या गोष्टी आम्ही सांगतो: लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, ते औषधाचे लक्षण आहे, महिनाभरात भूक वाढेल, तेव्हा 'बरे झाले' म्हणून गोळी थांबवू नका, वजन वाढले की डोस वाढतो, म्हणून दर महिन्याला दाखवा. शाळेबद्दल मात्र आम्ही सांगून भागत नाही. क्षय झालेल्या लहान मुलापासून वर्गातल्या इतरांना जवळजवळ कधीच लागण होत नाही. त्याच्या छातीत जंतू थोडे आणि खोकला दुबळा. तरी 'पूर्ण बरा झाल्यावरच पाठवा' असे सांगून महिनोन्‌महिने घरी बसवलेली मुले आहेत, आणि त्यांत मुली अधिक. शिक्षण विभागाला आपल्याकडून एक परिपत्रक गेले तर हेडमास्तरांचाही जीव भांड्यात पडेल.

अन्नाबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात 'रेशन्स' नावाची चाचणी केली. २८०० रुग्ण, त्यांच्या घरचे दहा हजारांवर लोक. सर्व रुग्णांना शिधा दिला; निम्म्या गटात घरच्यांनाही दिला, माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे पुढे क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. तांदूळ आणि डाळ! लस म्हणून कुणी एवढा परिणाम दाखवला असता तर त्याच्या दारात रांगा लागल्या असत्या. आपल्याकडे १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जातात ते चांगलेच आहे, पण त्या घरात सहा तोंडे असतात आणि आई नेहमीप्रमाणे शेवटी जेवते. घरच्यांसाठीही शिध्याच्या टोपल्या देण्याची सोय आता कागदोपत्री आहे, पण ती दात्यांच्या मर्जीवर चालते. नि-क्षय मित्र सापडला तर टोपली, नाही तर नाही. रेशन दुकान मात्र प्रत्येक गावात आहे. क्षयाचे औषध सुरू असेपर्यंत त्या घराच्या शिधापत्रिकेवर माणशी डाळ वाढवून द्या. अन्न व नागरी पुरवठा खाते आपल्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत ते मंत्री आपल्या शेजारीच कुठेतरी बसत असतील.

शेवटी माझ्या भागाचा प्रश्न. ऑक्टोबरात बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर इकडून टोळ्या उसाच्या फडावर येतात. बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये, पोरेबाळे आणि पुष्कळदा म्हातारी माणसेही बरोबर. कारखान्याच्या आवारात किंवा शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. एकेका कोपीत सगळे कुटुंब, दार एक, खिडकी नाही. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ही माणसे इथे असतात. प्रतिबंधक गोळी सहा महिन्यांची, हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे ज्या आजोबांची नोंद गेवराईला किंवा शिरूर कासारला झाली, त्यांचा नातू गोळीच्या सगळ्या काळात माझ्या तालुक्यात असतो, आणि माझ्या तालुक्याच्या यादीत त्याचे नाव नसते. गावाकडची आशाताई 'घर बंद' लिहिते; इकडची आशाताई म्हणते, ही माणसे आमच्या लोकसंख्येत नाहीत. मुकादमाकडे मात्र टोळीतल्या प्रत्येक कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीची, यादी असते, कारण त्याने उचल दिलेली असते. सरकारच्या यादीपेक्षा मुकादमाची यादी पक्की असावी, हे सरकारला शोभणारे नाही.

म्हणून माझी मागणी एका ओळीत मावते: मोठ्या माणसाच्या क्षयाची नोंद ज्या दिवशी होईल, त्याच दिवशी, त्याच पानावर, घरातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे नाव, वजन आणि ते सध्या कोणत्या तालुक्यात राहते हे लिहिले जावे, आणि पंधरा दिवसांत त्याला एक तर उपचाराची नाहीतर प्रतिबंधाची पहिली गोळी मिळालेली असावी. मुलांची नावे लिहिली की त्या रकान्याला शीची तपासणी, विरघळणाऱ्या गोळ्या, शिधा हे सगळे जोडता येते. नाव नसेल तर कशालाच जोडता येत नाही. आणि दर तिमाहीला प्रत्येक तालुक्याचे दोन आकडे जाहीर करा: अशी मुले किती होती, आणि त्यांतल्या किती जणांनी गोळ्यांचा पूर्ण कोर्स संपवला. किती जणांची 'तपासणी झाली' हा तिसरा आकडा कृपया देऊ नका. तो नेहमीच शंभर टक्के असतो.

हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. आदेश सप्टेंबरच्या आत निघाला, तर गेवराईची यादी टोळीच्या आधी माझ्या तालुक्यात पोचेल. यादी आली की कोप्यांवर जायला मी आणि आमच्या तालुक्यातले आणखी काही डॉक्टर रविवारी मोकळे आहोत. तसे मी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना लेखी कळवले आहे.

कळावे,
आपली,
साखरपट्ट्यातली एक बालरोगतज्ज्ञ